विहिरीतून वर आलेलं कापड

४ फेब्रुवारी, मंगळवार. कार्डिफ

रफ कट पाहिला. एक तास चाळीस मिनिटं. त्यातली बावन्न ठेवायची. मेगन म्हणाली, "२८ मार्च, संध्याकाळी पाच, चॅनलकडे फाइल." दिग्दर्शक ती, कॅमेराही तिचाच. नरेशन आणि स्पॅनिशवरून सबटायटल्स माझी. पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर बावीस वर्षं काढली, पाच म्हणजे पाच हे मला सांगावं लागत नाही. पण तिला सांगून बरं वाटतं.

ग्वाटेमाला. डोंगरातलं एक खेडं. यादवीच्या काळात लष्कराने गावातल्याच पुरुषांची गस्त उभी केली, हातात काठ्या-कोयते दिले आणि शेजाऱ्यांना मारायला लावलं. सैनिक कडेला उभे राहून भाजलेली कणसं खात होते. एक म्हातारा हे कॅमेऱ्यासमोर सांगतो, कणसांसकट. सांगताना हाताने कणीस सोलून दाखवतो.

मग विहीर. इतक्या वर्षांनी उपसताहेत. फोरेन्सिकची मुलगी ब्रशने माती झाडते. कवटी. मागच्या बाजूला तडा, भोक नाही. "गोळी नाही, काठी," ती म्हणते. दुसरी. "काठी." तिसरी लहान आहे. मुलगी ब्रश खाली ठेवते.

चौदा मिनिटांची सबटायटल्स झाली. माझा नवरा अवि म्हणाला, वरणभात तरी खा. खाल्ला.

८ फेब्रुवारी, शनिवार. साउथहॅम्प्टन

मेगनच्या गाडीतून. फिल्मचा कणा असलेली बाई इथे राहते, बंदराजवळ, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलगी लुसिया हॉस्पिटलमध्ये नर्स. बाईंचा नवरा जहाजावर होता, वारला. मी त्यांना तोमासाबाई म्हणते. हे नाव फिल्मसाठी घेतलेलं आहे, इथेही तेच लिहिणार.

स्पॅनिश त्यांचीही शिकलेली, माझीही शिकलेली. त्यांना सैनिकांमुळे आली, मला डेक्कनवरच्या संध्याकाळच्या क्लासमुळे. दोघी सारख्याच चुका करतो, लुसिया हसते.

मी चहात दूध घातलं. "तुम्ही लोक चहाला आजारी पाडता," तोमासाबाई. स्वतः कॉफी. "आमच्या डोंगरात कॉफी पिकायची. पहिल्यांदा प्यायले ती मात्र इथे."

मुलाखतीला त्या वीपिल घालून बसल्या. वीपिल म्हणजे तिकडच्या बायकांचा हातमागावरचा सैल सदरा, जाड, लाल, त्यावर समोरासमोर पक्षी. हे त्यांनी इथे येऊन आठवणीतून विणलं. मेगन म्हणाली, साधा स्वेटर चालेल. त्या म्हणाल्या, "मेलेल्यांबद्दल बोलायचं तर त्यांच्यासमोर बसण्यासारखे कपडे हवेत."

चेहरा अंधारात, उजेड फक्त हातांवर आणि मांडीवर.

थोडक्यात: तेव्हा त्या सोळा वर्षांच्या. भाऊ आंद्रेस एकोणीसचा, गस्तीत. रविवार. पुरुषांना चर्चमध्ये कोंडलं, बायकांना शाळेत. लेफ्टनंट गस्तीला म्हणाला, घाण तुमची आहे, तुम्हीच साफ करा. गस्तीचा म्होरक्या गावातलाच, त्यांच्या वडिलांचा जोडीदार, एकत्र मका पेरायचे. त्याने वडिलांना पहिलं बाहेर काढलं. नावाने हाक मारून. वडील म्हणाले, आलो. "जसं शेतावर बोलावल्यावर म्हणायचे तसंच. आलो."

आंद्रेसला हुकूम झाला, बहिणीला ओढ्याकडे ने. त्याने नेलं. जमिनीवर काठी आपटली, पडून राहा म्हणाला, अंगावरचं वीपिल फाडून घेतलं आणि परत गेला. ते दाखवून काम झालं असं सांगितलं. बाई मेक्सिकोपर्यंत चालत गेल्या.

"गावात भिंत बांधली आहे. मेलेल्यांची नावं. माझंही आहे. दर वर्षी आंद्रेस सगळ्यांसमोर माझ्या नावाखाली मेणबत्ती लावतो. छान रडतो म्हणे."

म्होरक्या अजून आहे. ऐंशीचा. त्याचे मुलगे आता गाव चालवतात. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी त्याचं नाव घेऊन कोर्टात उभं राहायला तयार नाही, म्हणून केस उभी राहत नाही. बाई जिवंत आहेत हे फक्त आंद्रेसला माहीत. "मी मेलेली आहे तोवर तो जिवंत आहे," असं त्या म्हणाल्या. मेगनने परत म्हणायला लावलं, मध्येच खालून ट्रकचा आवाज आला म्हणून. परत म्हणाल्या, तशाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर लॉग, म्हणजे कुठल्या टेपवर काय आहे त्याची नोंद. माझी पद्धत जुनीच. एक तारा: वापरता येईल. दोन: वापरावं. तीन: याशिवाय फिल्म नाही. डेस्कवर आमचे मुख्य उपसंपादक म्हणायचे, बातमीत दहा विशेषणं नकोत, एक तपशील द्या. तेच करत आले.

आजचे तीन तारे:
म्होरक्याने नावाने हाक मारली. ★★★
"आलो." ★★★
टेप ३, वीपिलबद्दल: "पक्षी सगळ्या गावाचे. खालची हिरवी नागमोडी पट्टी माझ्या आईची. दुसऱ्या कुठल्या घरात नाही." ★★★

आपल्याकडे काठावरून साडी कुठली ते कळतं. तिथे गाव कळतं, आणि घरही. हे नरेशनमध्ये यायला हवं.

पाऊस. कौन्सिलने कचऱ्याची हिरवी बिन उचलली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एडिटला बसलो. विहिरीच्या फुटेजमध्ये एक शॉट आहे, आजपर्यंत लक्ष गेलं नव्हतं. मातीतून कापड वर येतं. मुलगी ते ट्रेवर पसरते, पाण्याचे थेंब सोडते. लाल. पक्षी. आणि खाली हिरवी नागमोड, चार बोटं रुंद. मागे गावकरी उभे. एक माणूस पुढे होतो, बोट लावतो, काहीतरी म्हणतो. स्थानिक दुभाष्याच्या कागदावर फक्त एवढंच: "नातेवाईकाने कापड ओळखले."

मी म्हटलं, यावर कट कर तोमासाबाईंच्या हातांवर. तोच काठ. चाळीस वर्षं मातीतला आणि साउथहॅम्प्टनच्या मांडीवरचा.

मेगनने जोडून पाहिलं. पुन्हा लावलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

इतक्या वर्षांत असे पाच-सहा कट मिळाले असतील.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

त्या कटवरची ओळ जमली. इंग्लिशमध्ये लिहिली, इथे मराठीत: माती माणूस खाते, रंग खात नाही.

सुरक्षेचा फॉर्म भरला. चेहरा झाकला. आवाज बदलला. नाव बदललं. शहर सांगितलेलं नाही. चार चौकटी, चारही टिक. मेगनची सही, माझी सही.

६ मार्च, गुरुवार

प्रोमो बाहेर पडला. नव्वद सेकंद. म्हातारा कणीस सोलतो, विहीर, कवटी, मग आमचा कट आणि माझी ओळ. तिथेच संपतो.

ईशाचा मेडनहेडहून फोन, ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये. "आई, तो प्रोमो मी सगळ्यांना दाखवली. माय बॉस लिटरली रडली. तुझा ओळ खूप मस्त आहे." तो प्रोमो दाखवला, तुझी ओळ. सुधारलं नाही. खूश होते.

८ मार्च, शनिवार

स. ११. लुसियाचा फोन. आवाज नर्सचा, वॉर्डमध्ये वाईट बातमी सांगतात तसा.

गावातले काही लोक अमेरिकेत आहेत. त्यातल्या कुणीतरी प्रोमो पाहिला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. विहीर उपसली तेव्हा अख्खा गाव तिथे उभा होता. ते कापड ट्रेवर सगळ्यांनी पाहिलं होतं. पुढे होऊन बोट लावणारा माणूस आंद्रेस; ते वीपिल तेव्हा विहिरीत टाकलं होतं त्यानेच. "हे माझ्या बहिणीचं," असं तो म्हणाला होता. भिंतीवर तोमासाबाईंचं नाव आधीपासून होतं, त्याला हे कापड पुरावा ठरलं.

आणि आता तोच काठ जिवंत हातांखाली. विहिरीतल्या शॉटला चिकटून. कुणाला शंका राहू नये म्हणून जणू.

"तुम्हाला माहीत होतं का?" लुसिया.

मी म्हटलं, नाही.

मग लॉग उघडला. टेप ३. दुसऱ्या कुठल्या घरात नाही. भाषांतर माझं. तीन तारे माझे. डोळ्यांसमोर असून मला तो गावाचाच काठ वाटला, कारण मला तो कट हवा होता.

मेगनला फोन केला. दुपारी एकपर्यंत प्रोमो काढून टाकला. पण ज्यांच्या फोनमध्ये उतरला त्यांच्या फोनमध्ये आहेच.

११ मार्च, मंगळवार

आंद्रेसच्या दाराला त्याचा कुत्रा टांगलेला सापडला, पोट फाडून. गळ्यात हिरवा दोरा. गावाखालच्या दवाखान्यात एक नन आहे, तिने लुसियाला कळवलं. आंद्रेस घर सोडायला तयार नाही. मका पेरायचे दिवस आलेत म्हणतो.

मी इथे सबटायटल्सच्या ओळी मोजते. एका ओळीत सदतीस अक्षरं. काम थांबवलं तर हात काय करतील कळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

केलं त्यांनी.

सकाळी, शेतात. तिघे जण, दोघे म्होरक्याचे नातू असावेत असं नन म्हणते. आंद्रेस बासष्टचा. एकाने मागून धरलं. कोयत्याचा पहिला वार कानापासून गळ्याच्या मुळापर्यंत. त्याने हात वर केला म्हणून दुसरा हातावर. उजव्या हाताची तीन बोटं तिथेच पडली. तिसरा वार करणार तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक आला, माणसांनी भरलेला. ते चालत निघून गेले. पळाले नाहीत.

जाताना एक जण म्हणाला, "त्या दिवशी काम अर्धवट ठेवलंस."

जिवंत आहे. नन आणि ट्रकवाले मिळून त्याला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. बत्तीस टाके. पोलीस आले, म्होरक्याचं आडनाव ऐकून परत गेले.

अवि म्हणाला, "तू कोयता चालवला नाहीस." बरोबर आहे. ईशाही फोनवर, "आई, तू फक्त तुझी जॉब केलीस ना." हेही बरोबर आहे. डेस्कवर चुकलेलं नाव छापलं तर दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा देता यायचा.

१५ मार्च, शनिवार. साउथहॅम्प्टन

ट्रेनने गेले, एकटी. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. काढलाच नाही.

दार लुसियाने उघडलं. युनिफॉर्मवरच होती. "आई आत आहे. पाच मिनिटं." बाजूला झाली, हात मिळवला नाही.

तोमासाबाई खिडकीपाशी. कोट घालून बसलेल्या, घरात. बंदरातून मोटारी भरलेलं जहाज निघत होतं. मी म्हटलं, चूक माझी आहे. मेगनची नाही. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा मान डोलावली होती. मला वाटलं, या बाईला विणकाम कळतं."

मला त्यांच्याकडे बघता येईना. टेबलावरच्या ऑइलक्लॉथकडे बघत राहिले. लिंबं होती त्यावर.

तोमासाबाई म्हणाल्या, "अर्धवट काम कुठलं, ते तुम्ही विचारलं नाही."

मी म्हटलं, तुम्हाला मारायचं राहिलं ते.

"तेही."

मग सांगितलं. कॅमेरा नव्हता. मी वही काढली नाही, ट्रेनमध्येही काही उतरवलं नाही. आता घरी, आठवेल तेवढं.

आई शाळेत नव्हती. घरासमोर मागावर होती. तिकडचा माग कमरेचा असतो. एक टोक झाडाला, दुसऱ्या टोकाचा पट्टा विणणारीच्या कमरेला, ती मागे रेलली की ताण येतो. म्होरक्या आंद्रेसला म्हणाला, तुझ्या घरापासून सुरुवात. नाहीतर तू आणि दोघी, तिघंही. आईला उठता आलं नाही. पट्टा कमरेला. झाडाला बांधलेल्या जनावरासारखी. आंद्रेसने तीनदा मारलं. पहिल्यानंतर ती त्याच्याशी बोलली. काय बोलली ते बाईंनी सांगितलं नाही. सूत ताणलेलंच होतं, पडल्यावरही ती पूर्ण पडली नाही, लोंबत राहिली. मग म्होरक्या म्हणाला, आता बहीण. ओढ्याकडे जाताना आंद्रेसच्या काठीला आईचे केस होते.

"मी माफ केलं का, विचारू नका. सिनेमावाले हे विचारतात. मला माहीत नाही. दर रविवारी फोन करते. मका कसा आहे विचारते. तो सांगतो."

स्वयंपाकघराच्या दारात लुसिया उभी होती. हातात तीन कप. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. कप तिने तिथेच खाली ठेवले, जमिनीवर, एकेक करून, आणि बाथरूममध्ये गेली. नळ सोडलेला ऐकू येत होता.

पाच मिनिटांचे तीन तास झाले. निघताना तोमासाबाई म्हणाल्या, "आता झाकून काय उपयोग? मी जिवंत आहे, कळलं. ते त्याला गप्प करायला मारणार. मी सगळं बोलले तर गप्प करण्यासारखं काही उरत नाही."

मी विचारलं, सगळं?

"अर्धं बोलले तर उरलेलं अर्धं ते सांगतील. त्यांच्या पद्धतीने."

१८ मार्च, मंगळवार

मीटिंग. मेगन, चॅनलचा वकील स्क्रीनवर, मी. वकिलाचं म्हणणं, तोमासाबाईंना पूर्ण काढा. मग त्रेचाळीस मिनिटं उरतात, इतिहासकाराच्या मुलाखतीने भरता येतील. मी विचारलं, काढल्याने आंद्रेस सुरक्षित होतो का? वकील म्हणाला, आपण होतो.

मग बाईंचा निरोप सांगितला. चेहरा उघडा, खरं नाव, सगळं.

मेगनचे डोळे चमकले. लगेच खाली बघितलं तिने. मी बघितलं ते तिला कळलं. जिन्यात म्हणाली, "मला माहीत आहे तू काय विचार करत्येस. शूट मी केलं होतं. वीपिल घालू दिलं ते मीच."

मी म्हटलं, कट माझा. ओळ माझी.

"सारखं सारखं स्वतःकडे घेऊ नकोस. माझ्यासाठी काही ठेव."

हसू आलं, दोघींना. लगेच गेलंही.

तिला चांगली फिल्म हवी आहे. मलाही हवी आहे. बाईंच्या निर्णयाला हो म्हणताना यातलं किती त्यांच्यासाठी आणि किती फिल्मसाठी, हे मी तरी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यामुळे ठरवलं, मी त्यांना काही सुचवणार नाही. एक शब्दही नाही. विचारलं तर उत्तर द्यायचं.

२३ मार्च, रविवार. साउथहॅम्प्टन

तोच फ्लॅट. सकाळचा उजेड. मेगन जुन्या सवयीने दिवा हातांवर लावत होती. तोमासाबाई म्हणाल्या, "तोंडावर करा."

वीपिल तेच. लुसियाने त्यांचे केस विंचरून लाल फीत गुंफली. आठवडाभर मायलेकी एकमेकींशी फारसं बोललेल्या नाहीत हे दिसत होतं. पण फीत तीनदा सोडून पुन्हा बांधली तिने, नीट बसेपर्यंत.

बाईंच्या दोन अटी. पहिली माझ्यासाठी: "माझ्या बोलण्यावर तुम्ही काही लिहायचं नाही. आधी नाही, नंतर नाही, वर नाही." मी हो म्हटलं.

दुसरी: "हे आधी आंद्रेस बघेल. तो हो म्हणाला तर जगाने बघायचं. नाही म्हणाला तर नाही. त्याने एकदा मला पडून राहा म्हटलं, मी राहिले. आता त्याला विचारलं पाहिजे."

मेगनने विचारलं, कधीपर्यंत? फाइल शुक्रवारी जाते. बाईंनी खांदे उडवले. "तुमचा शुक्रवार तुमचा."

मग बोलल्या. अठ्ठावीस मिनिटं. खरं नाव, वडिलांचं, आईचं. म्होरक्याचं पूर्ण नाव, तिकडच्या पद्धतीच्या दोन्ही आडनावांसकट. लेफ्टनंटला नाव नव्हतं, त्याच्या गालावरची खूण सांगितली. कमरेचा पट्टा. तीनदा. "काठी माझ्या भावाच्या हातात होती." हे म्हणताना त्या कॅमेऱ्याकडे नाही, लुसियाकडे बघत होत्या. आई काय म्हणाली तेही सांगितलं, पण स्वतःच्या भाषेत. आमच्यापैकी कुणालाच ती येत नाही. मेगनने खुणेने मला विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याचं भाषांतर होणार नाही. स्क्रीनवर ते तसंच जाईल, खाली रिकामी पट्टी.

लॉग केला नाही. एकही तारा नाही.

२६ मार्च, बुधवार

एडिट. अठ्ठावीसमधली नऊ मिनिटं घेतली, एकही शब्द मधून न कापता. विहिरीतल्या कापडाचा शॉट दुसरीकडे हलवला, बाईंपासून लांब. माती-रंगाची ती ओळ पुसली. फिल्मभर नरेशनच्या एकशे वीस ओळी होत्या, शेहेचाळीस ठेवल्या. मोकळं झाल्यासारखं वाटायला हवं होतं. झालं नाही.

दोन फाइल तयार. एकीत बाई आहेत. दुसरीत नाहीत, इतिहासकार आहे, पुस्तकांच्या कपाटासमोर. सभ्य बावन्न मिनिटं.

नऊ मिनिटं छोटी करून ननच्या फोनवर पाठवली. आंद्रेसला त्यांनी आता तिसरीकडे हलवलं आहे, कुठे ते आम्ही विचारलं नाही. तिथे रेंज नाही. ननला फोन घेऊन टेकडीवर जावं लागतं, उतरवून घ्यावं लागतं, मग खाली जाऊन दाखवायचं. सकाळीच तिने लिहिलं होतं: "डाव्या हाताने जेवायला शिकतो आहे. चिडचिड करतो. म्हणजे बरं आहे."

काल ते दोघे नातू दवाखान्यात त्याचा पत्ता विचारायला येऊन गेले, हेही त्याच निरोपात. शेवटच्या ओळीत.

२८ मार्च, शुक्रवार. कार्डिफ

स. ९. परवा पाठवलेल्या व्हिडिओला अजून एकच टिक. पोचलेला नाही.

स. ११.३०. एकच.

लुसियाचा मेसेज: आई कामाला गेली नाही. वीपिल घालून बसली आहे. तुला काही कळलं का? "तुला" लिहिलं तिने, पहिल्यांदा. नाही, अजून नाही, असं कळवलं.

दु. २. चॅनलचा फोन, मेगनने घेतला. हो, वेळेवर. हो, पाच.

दु. ३.१०. दोन टिक. टेकडीवर गेली नन. तिकडे सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. मेगन खुर्चीतून उठली, परत बसली. मी हिशेब केला: उतरायला अर्धा तास, शोधायला, त्याला बसवायला, नऊ मिनिटं.

व्हिडिओ आईपाशी येईल तेव्हा आंद्रेस काय करेल? काठीचा भाग सहाव्या मिनिटाला आहे. थांबवेल का? बोट उरलेलं आहे का त्या हाताला, थांबवायला?

दु. ४.०५. काही नाही.

४.२५. मेगनने दोन्ही फाइल अपलोडला लावल्या, शेजारी शेजारी. कुठलीही पाठवायला एक क्लिक. पाच चुकले तर चॅनलवरची आमची जागा गेली, पुढच्या आठवड्यात दुसरी फिल्म आहे. आयुष्यात मी एकदाही डेडलाइन चुकवलेली नाही. आई गेली त्या दिवशीही अग्रलेखाचं पान छपाईला सोडून मग निघाले होते, पुण्यात. अभिमानाने सांगत असे कधी कधी.

४.४०. टिक दोन. निळ्या झाल्या.

बघितलं म्हणजे. किंवा ननने उघडलं फक्त.

४.५१. वर दिसतंय, काहीतरी रेकॉर्ड करताहेत. थांबलं. परत सुरू. थांबलं.

४.५६. मेगन विचारते, कोणती पाठवू?

मी म्हटलं, थांब.

"पाच वाजताहेत."

माहीत आहे, म्हटलं. थांब.

रेकॉर्डिंग परत सुरू झालं आहे.